मानेपासून बोटांपर्यंत : प्रस्तावना

रात्री दोन-तीनच्या सुमारास हाताला मुंग्या येऊन जाग येणे, उठून बसणे, हात झटकणे, चोळणे, पलंगावरून खाली लोंबता सोडणे आणि थोड्या वेळाने बरे वाटले की पुन्हा आडवे होणे, हा क्रम ज्यांच्या अंगवळणी पडला आहे त्यांच्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. दिवसा हाच हात मुकाट्याने काम करतो. त्यामुळे सकाळी घरात सांगायला जावे तर 'हातावर झोपली असशील' एवढ्यावर विषय मिटतो. महिने जातात. मग कोणी म्हणते नस दबली आहे, कोणी म्हणते वात आहे, कोणी शुगर तपासायला सांगते, आणि ज्यांच्या नात्यात कुणाचे मनगटाचे ऑपरेशन झाले आहे ते तोच सल्ला देतात. यातले प्रत्येक म्हणणे कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत खरे असते. पण या यादीत स्नायूंचे नाव फार क्वचित येते, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

हाताच्या नसा मानेच्या मणक्यांतून निघतात आणि बोटांच्या टोकापर्यंत जातात. ही वाट मोकळी नाही. कुठे त्या दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून जातात, कुठे एका स्नायूच्या खालून, तर कुठे एकाच स्नायूच्या दोन मुळांमधून. त्यातला एखादा स्नायू आखडला, सुजला किंवा दिवसभर ताणलेला राहिला, की नसेला त्रास होतो तिथे, आणि मुंग्या येतात बोटांत. दुखते कुठे आणि बिघडले कुठे यातले हे अंतर लक्षात आले नाही, तर उपचार भलत्याच ठिकाणी होत राहतात.

तक्रार जुनी आहे. १८८० मध्ये बॉस्टनचे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स जॅक्सन पटनम यांनी अशा ३७ रुग्णांची हकिगत छापली. बहुतेक स्त्रिया होत्या. हातांना रात्री किंवा पहाटे बधिरपणा यायचा आणि हात पलंगाबाहेर सोडला किंवा झटकला की बरे वाटायचे. आज माझ्यासमोर बसलेली सोलापूरची किंवा ठाण्याची बाई जे सांगते, तेच. पटनम यांना याचे मूळ रक्तवाहिन्यांत असावे असे वाटले. पुढे विसाव्या शतकात संशय मानेवर गेला. काही जणांना मानेत जन्मतःच एक जादा बरगडी असते, तिच्यावर दोष आला. मग मानेच्या बाजूच्या स्केलीन स्नायूंवर आला. मेयो क्लिनिकचे शल्यविशारद अल्फ्रेड अ‍ॅडसन यांनी १९२७ मध्ये पुढचा स्केलीन स्नायू कापून नसा मोकळ्या करण्याची पद्धत मांडली आणि पुढची बरीच वर्षे हात बधिर होणाऱ्या अनेकांच्या मानेवर ती शस्त्रक्रिया झाली.

वास्तविक मनगटाकडे बोट दाखवणारा पुरावा त्याआधीच हाती आला होता. १९१३ मध्ये पॅरिसमध्ये मारी आणि फ्वा या डॉक्टरांनी ऐंशी वर्षांच्या एका रुग्णाचे शवविच्छेदन केले. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाचे मांस झिजले होते, आणि मनगटातल्या आडव्या पट्ट्याच्या अलीकडे मधली नस (मीडियन नर्व्ह) गाठ आल्यासारखी सुजली होती. पट्टा वेळेवर कापला असता तर हे टळले असते, असे त्यांनी सुचवले. त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. १९४७ मध्ये रसेल ब्रेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मनगटाची शस्त्रक्रिया केलेले सहा रुग्ण मांडले. नंतर क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलन यांनी हा आजार सर्वसामान्य डॉक्टरांपर्यंत पोहोचवला, आणि कार्पल टनेल, म्हणजे मनगटाचा बोगदा, हे नाव घरोघरी गेले. ते योग्यच झाले, कारण रात्रीच्या मुंग्यांचे सर्वांत मोठे एकच एक कारण आजही तेच आहे. पण त्याच वेळी एक नुकसानही झाले. आधी सगळा दोष मानेचा होता, आता सगळा मनगटाचा झाला. मधला हात, म्हणजे खांदा, छाती, दंड, कोपर, कुणी पाहीनासे झाले.

दक्षिण स्वीडनमधली एक पाहणी मी नेहमी विद्यार्थ्यांपुढे ठेवते. ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. २५ ते ७४ वयाच्या तीन हजार लोकांना प्रश्नावल्या पाठवल्या, त्यातल्या सुमारे अडीच हजारांनी उत्तरे दिली. मधल्या नसेच्या अखत्यारीतल्या बोटांत दुखते, बधिर होते किंवा मुंग्या येतात असे १४.४ टक्के लोकांनी सांगितले. त्यांना बोलावून हात तपासले, नसेची विद्युत चाचणी केली. दोन्ही कसोट्यांवर कार्पल टनेल ठरले ते अवघे २.७ टक्के. म्हणजे तक्रार असलेल्या पाचांपैकी जेमतेम एक. उरलेल्या चौघांचे सगळे दुखणे स्नायूंचे होते असे मी म्हणत नाही. ती पाहणीही तसे म्हणत नाही. पण त्या चौघांना मनगटाला बांधायचा पट्टा देऊन घरी पाठवणे हा उपचार नव्हे, एवढे तरी नक्की.

आता ही वाट नीट पाहू. मानेच्या बाजूला, कॉलर बोनच्या वर, पुढचा आणि मधला असे दोन स्केलीन स्नायू पहिल्या बरगडीवर उतरतात. त्यांच्या मधल्या अरुंद फटीतून हाताच्या सगळ्या नसांचा जुडगा आणि हाताला रक्त नेणारी धमनी बाहेर पडते. हे स्नायू मान वळवतात आणि जोराचा श्वास घेताना पहिली बरगडी वर उचलतात. ज्यांना जुना दमा आहे, महिनोन्महिने खोकला आहे किंवा ताणाखाली ज्यांचा श्वास वरच्या छातीतच अडकतो, त्यांच्यात हे स्नायू दिवसभर जादा काम करत राहतात.

शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचे उदाहरण देते. त्या स्वतःच दुकानातून मनगटाचा पट्टा आणून रात्री बांधत होत्या. मुंग्या अंगठ्यात आणि तर्जनीत. मनगट मिनिटभर पूर्ण वाकवून ठेवले, काहीच झाले नाही. मनगटावर टिचकी मारून पाहिली, काही नाही. मग कॉलर बोनच्या वर, मानेच्या मोठ्या स्नायूच्या मागे बोट ठेवून हलकेच दाबले आणि थांबले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मॅडम, अंगठ्यात चाललंय." मी विचारले, "ताई, रात्री येतं ते हेच का?" त्यांनी मान हलवली. हा प्रश्न विचारणे महत्त्वाचे असते, कारण तिथे दाबले की धडधाकट माणसालाही थोड्या मुंग्या येऊ शकतात. दुसऱ्या बाजूला तेवढेच दाबले तेव्हा काही झाले नाही. त्यांना मशिनवर बसलेले पाहिले तर उजवा खांदा कानाकडे चढलेला, मान पुढे, आणि श्वास घेताना प्रत्येक वेळी मानेच्या दोऱ्या उठून दिसत होत्या. दम्याचा पंप त्या 'फार झालं तरच' घेत असत. त्यांच्या डॉक्टरांनी पंप नियमित करून दिला, आम्ही बसायची उंची बदलली, पोटातून श्वास घ्यायला शिकवले, मानेचे हलके व्यायाम दिले. मनगटाला हातही लावला नाही. रात्रीची झोप हळूहळू परत आली.

स्केलीनच्या पुढचा थांबा छातीत आहे. तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून निघून खांद्याच्या पुढच्या हाडाला जाणारा पेक्टोरॅलिस मायनर हा छोटा स्नायू, आणि त्याच्या खालून जाणाऱ्या हाताच्या सगळ्या नसा. हात डोक्यावर नेला की नसा या स्नायूभोवती वळतात आणि ताणल्या जातात. आयर्व्हिंग राइट यांनी १९४५ मध्ये हा त्रास वर्णन केला तेव्हा त्यात हात डोक्यावर घेऊन झोपणारे लोक होते. उशीखाली हात घालून किंवा दोन्ही हात डोक्याखाली घेऊन झोपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दिवसभर पाठीत पोक काढून कॉम्प्युटरपुढे किंवा मोबाइलवर बसणाऱ्यांचा हा स्नायू आखूड होऊन बसतो आणि रात्री त्याला आणखी ताण दिला जातो. इथे एक खूण उपयोगी पडते. हात डोक्यावर ठेवल्याने मुंग्या वाढत असतील तर छातीच्या या स्नायूचा विचार करावा. उलट हात डोक्यावर ठेवला की हायसे वाटत असेल, तर मानेच्या मणक्यातून निघतानाच नस दबत असण्याची शक्यता जास्त. मग व्यायाम सुरू करण्याआधी मान तपासून घ्यावी.

कोपराचे काम सोपे आहे, म्हणून थोडक्यात सांगते. करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग बधिर होत असेल तर कोपराच्या आतल्या बाजूची नस पाहावी. ती मनगट वाकवणाऱ्या एका स्नायूच्या दोन मुळांमधून हातात उतरते. कोपर पूर्ण दुमडले की तिथली जागा अरुंद होते आणि नस ताणलीही जाते. रात्रभर गुडघे-कोपरे पोटाशी घेऊन झोपणारे आणि अंथरुणात पडून कानाशी फोन धरणारे, दोघेही तेच करत असतात. तळहाताबरोबर करंगळीकडची हाताची पाठही बधिर असेल तर दोष मनगटात नसून वर आहे, कारण पाठीकडे जाणारी फांदी मनगटाच्या आधीच फुटते. झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळला आणि कोपर पूर्ण दुमडू दिले नाही, तर बऱ्याच जणांना आराम पडतो.

मधली नस कोपराच्या खाली प्रोनेटर टेरेस या स्नायूच्या दोन डोक्यांमधून जाते. हा स्नायू हात पालथा फिरवतो. कपडे पिळणे, पान्याने नट आवळणे ही त्याची कामे. तो नसेला त्रास देतो, पण बहुधा कामाच्या वेळी. रात्री झोपमोड करणे हे त्याचे लक्षण नव्हे. बोटांबरोबर तळहाताच्या अंगठ्याकडच्या उंचवट्यावरची कातडीही बधिर असेल तर मात्र त्याच्याकडे वळून पाहावे, कारण त्या कातडीची फांदी कार्पल टनेलमधून जातच नाही.

आणि मनगटाचा बोगदा, तोही स्नायूंपासून वेगळा नाही. तिथून मधल्या नसेबरोबर नऊ कंडरा जातात. बोटे मिटणाऱ्या स्नायूंची ती शेपटे. त्यांच्यावरचे आवरण जाड झाले की जागा कमी पडते. शिवाय तळहातात चार बारीक स्नायू आहेत, लंब्रिकल नावाचे. ते बोटे मिटणाऱ्या कंडरांवरच उगवतात, त्यामुळे घट्ट मूठ केली की कंडरांबरोबर ओढले जाऊन बोगद्यात शिरतात. मूठ आवळून, मनगट छातीशी दुमडून झोपणाऱ्या माणसाच्या मनगटात रात्रभर काय होत असेल याचा अंदाज १९८१ मध्ये गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापावरून येतो. निरोगी माणसाचे मनगट सरळ असताना बोगद्यातला सरासरी दाब पाऱ्याच्या २.५ मिलिमीटरइतका होता. कार्पल टनेलच्या रुग्णांत तो सरळ मनगटातही ३२ होता, मनगट वाकवल्यावर ९४ आणि मागे वळवल्यावर ११०. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा का उपयोगी पडतो, ते या आकड्यांत आहे. तो पट्टा मनगट मागे वळवणारा असेल, आणि बाजारात तसे पुष्कळ मिळतात, तर फायद्याऐवजी त्रास होतो, हेही.

मग रात्रीच का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. काही उत्तर वर आलेच: झोपेत सांधे तासन्‌तास एकाच स्थितीत दुमडलेले राहतात. दुसरे असे की दिवसा पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर वरच्या शरीरात पसरते, आणि स्नायू हलत नसल्याने हातातले पाणी परत ढकलले जात नाही. अरुंद जागेत तेवढेही पुरते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि तेच सर्वांत कमी सांगितले जाते. पंगतीत मांडी घालून बसलो की पाय बधिर होतो, पण सणसणून मुंग्या येतात त्या उठल्यावर, दाब सुटल्यावर. इंग्लंडचे डॉक्टर जेम्स सिरियाक्स यांनी मानेखालच्या नसांबद्दल हेच सांगितले: दिवसभर खांद्यावरच्या ओझ्याने नसा दबलेल्या असतात आणि दाब सुटल्यावर, काही तासांनी, त्या जाग्या होतात. म्हणजे जड पर्स किंवा लॅपटॉपची बॅग एका खांद्यावर घेऊन लोकलमध्ये दीड तास उभे राहणाऱ्या बाईला, डोक्यावर विटा वाहणाऱ्या मजुराला, ऊसतोडीत दिवसभर मोळ्या उचलणाऱ्याला दिवसा काही होत नाही आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर हात पेटतो. त्यांना उशी बदलून काय होणार? त्यांचे दुखणे दिवसाच्या ओझ्यात आहे. त्यामुळे रात्रीच्या मुंग्यांची चौकशी दिवसापासून सुरू करावी, असे मी आग्रहाने सांगते.

स्नायूंचे दुखणे आणखी एका तऱ्हेने हातात येते. लंडनमध्ये जोनास केलग्रेन यांनी १९३८ च्या सुमारास स्वयंसेवकांच्या स्नायूंत खारे पाणी टोचून पाहिले. दुखणे टोचलेल्या जागी न राहता दूर दूर जाऊन जाणवले. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल यांनी, ज्या पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर होत्या, डेव्हिड सिमन्स यांच्याबरोबर स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींचे आणि त्या कुठे दुखणे पाठवतात याचे नकाशे तयार केले. त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये आला. खांद्याच्या फऱ्यावरचा स्नायू दंडातून हातापर्यंत ठणका पाठवतो, फऱ्याच्या आतला स्नायू मनगटाभोवती कडे घातल्यासारखे दुखवतो, हे रोजच्या कामात दिसते. त्या कुशीवर झोपले की गाठ दबते आणि जाग येते. पण हे नकाशे वेदवाक्य मानू नयेत. एकाच रुग्णाची गाठ दोन तपासनिसांना एकाच जागी सापडेल याची खात्री नाही आणि या सिद्धान्तावर गंभीर टीका झालेली आहे. मी एक मर्यादा पाळते: ठणका, ओढ, जडपणा हे स्नायूतून येऊ शकते. टाचणी टोचली तरी कळत नाही असा खरा बधिरपणा असेल तर तिथे नस गुंतलेली आहे असेच धरून चालायचे.

या पुस्तिकेचा विषय स्नायू आहे. म्हणूनच स्नायूंवर ढकलू नये असे काय, तेही इथेच सांगणे मला भाग आहे. हातांबरोबर पायांच्या तळव्यांतही मुंग्या असतील तर रक्त तपासावे: साखर, थायरॉइड, बी-१२. आपल्याकडे शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांतल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे दोनतृतीयांश जणांत बी-१२ कमी होते. शाकाहारी घरात, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत, ही तपासणी टाळून केवळ मान चोळत बसणे चुकीचे आहे. गरोदरपणातही शरीरात पाणी साठून हा त्रास होतो आणि बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. तिथे घाबरण्याचे कारण नसते, रात्रीचा पट्टा पुरतो.

काही लक्षणांना मात्र एक दिवसही देऊ नये. छातीत दाटून, घाम फुटून डावा हात दुखणे. अचानक एका बाजूचा हात बधिर होऊन बोलणे जड होणे किंवा तोंड वाकडे होणे. हातांनी बटण लावता न येणे आणि त्याबरोबर चालताना तोल जाणे, कारण तिथे मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तंबाखू ओढणाऱ्याचा खांदा आणि करंगळीकडचा हात रात्रंदिवस दुखत असेल तर फुप्फुसाच्या टोकाची तपासणी आधी, मालिश नंतर. मालिशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे मान कडकडून मोडून घेणे तर कोणत्याही कारणासाठी करू नये.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक स्नायूची जागा, तो आखडण्याची कारणे, घरी करण्याचे व्यायाम आणि झोपण्याची स्थिती चित्रांसह दिली आहे. व्यायाम वाचण्याआधी आठवडाभर एक काम करावे. उशाशी वही ठेवावी आणि रात्री जाग आली की चार ओळी लिहाव्यात: कोणती बोटे, हात-मनगट-कोपर कसे होते, काय केल्यावर बरे वाटले, आणि त्या दिवशी हाताने कोणते काम जास्त केले. भाकऱ्या थापल्या का, प्रवास झाला का, फोनवर किती वेळ होता, सगळे. 'हात' असे मोघम लिहू नये. बोटाचे नाव लिहावे. शक्य असेल तर हाताचा पंजा कागदावर ठेवून रेघ ओढावी आणि बधिर होणारा भाग पेन्सिलीने भरावा. डॉक्टरांच्या पाच मिनिटांत तोंडाने जे सांगून होत नाही ते या कागदाने होते. विद्युत चाचणी किंवा एमआरआय लागणारच असेल तर कुठल्या भागाची करायची हेही त्यावरूनच ठरते.

व्यायामांना दीड-दोन महिने द्यावेत. व्यायाम करताना मुंग्या वाढत असतील तर तो तिथेच थांबवावा. ताणून सहन करणे स्नायूला चालते, नसेला चालत नाही. आणि दोन्ही हात उजेडात शेजारी धरून अंगठ्याच्या मुळाचा फुगीर भाग अधूनमधून पाहत जा. एका बाजूचे मांस उतरलेले दिसले, किंवा हातातून कप-भांडी निसटू लागली, तर ही पुस्तिका बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना हात दाखवा. ते मांस एकदा पुरते झिजले की शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरून येईलच असे नाही.